स्पोर्ट्स कूपेचे टायर बदलताना: माप कसं वाचायचं, जोडी कशी जुळवायची

साध्या हॅचबॅकचे टायर बदलणं सोपं असतं. चारही एकाच मापाचे, दुकानदाराला गाडीचं नाव सांगायचं आणि तासाभरात काम उरकायचं. स्पोर्ट्स कूपेचं, म्हणजे दोन दारांच्या स्पोर्ट्स गाडीचं, तसं नाही. इथे पुढचे आणि मागचे टायर बहुतेक वेळा वेगवेगळ्या मापाचे असतात, इंजिनाची सगळी ताकद बहुधा मागच्या दोन चाकांवर येते आणि ट्रॅक्शन कंट्रोलपासून (वेग घेताना चाक घसरू न देणारी यंत्रणा) स्पीडोमीटरपर्यंत सगळं त्या ठरावीक मापांवर बेतलेलं असतं. नवखा मालक मात्र आधी रुंदीकडे बघतो: ‘मागे २७५ आहे, २८५ टाकू.’ खरा घोटाळा तिथेच सुरू होतो. बघायचा असतो तो टायरचा व्यास, आणि त्याहूनही पुढच्या-मागच्या व्यासातला फरक.

उदाहरण म्हणून फोर्ड मस्टँग जीटी घेऊ. ५ लिटर व्ही-८ इंजिनाची ही कूपे २०१६ मध्ये भारतात आली. जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही तिच्या हातबदल्या होतात, आणि विकत घेतल्यावर पहिला मोठा खर्च बहुधा टायरचाच असतो. पुढे २५५/४० आर१९ आणि मागे २७५/४० आर१९ हे तिचं माप. तुमची कूपे वेगळी असली तरी हिशोबाची रीत हीच राहील.

पायरी १: आधी गाडीवरचं माप वाचा, टायरवरचं नंतर

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर, खांबापाशी, एक स्टिकर असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या टायरचं मूळ माप आणि थंड टायरमधली हवा दिलेली असते. सध्या गाडीवर जे टायर आहेत तेच मूळ माप, असं सेकंडहँड गाडीत अजिबात गृहीत धरू नका. आधीच्या मालकाने बदल केला असेल तर त्याची चूक तुम्ही पुन्हा पैसे मोजून विकत घ्याल. स्टिकर फाटला असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा.

मग रिम बघा. रिमची रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून ती जिथे बोल्ट होते त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) सहसा रिमच्या आतल्या बाजूला कोरलेले असतात. १९ इंची मस्टँगमध्ये पुढची रिम ९ इंच रुंद आणि मागची साडेनऊ असते. हे आकडे लिहून ठेवा, पुढे लागतील.

पायरी २: माप सोडवून बघा

२७५/४० आर१९ मधला २७५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ४० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १९ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. अनेक जण ४० म्हणजे ४० मिलिमीटर समजतात. तो टक्का आहे, त्यामुळे रुंदी वाढली की आकडा तोच राहूनही भिंत उंच होते.

व्यास काढायची रीत अशी: रुंदी गुणिले टक्का, त्याची दुप्पट, आणि त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा.

पुढचा टायर: २५५ चे ४० टक्के म्हणजे १०२. दुप्पट २०४. रिम १९ × २५.४ = ४८२.६. एकूण ६८६.६ मिमी.
मागचा टायर: २७५ चे ४० टक्के म्हणजे ११०. दुप्पट २२०. एकूण ७०२.६ मिमी.

म्हणजे मागचं चाक पुढच्यापेक्षा १६ मिमी, साधारण २.३ टक्के, मोठं आहे. ही तफावत कंपनीने ठरवून ठेवलेली आहे. एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल चाकांच्या फिरण्याचा वेग एकमेकांशी ताडून बघतात. सरळ रस्त्यावर मागची चाकं पुढच्यांपेक्षा किंचित हळू फिरणार हे त्या यंत्रणेला ठाऊक असतं. हा फरक बिघडवला की चाक घसरत नसतानाही यंत्रणेला ते घसरतंय असं वाटू लागतं.

मापानंतर दोन खुणा असतात, उदाहरणार्थ १०१ वाय. १०१ हा भार निर्देशांक, म्हणजे त्या टायरवर जास्तीत जास्त ८२५ किलो. ९६ म्हणजे ७१० किलो, १०० म्हणजे ८०० आणि १०५ म्हणजे ९२५. एकाच मापात साधा आणि एक्स्ट्रा लोड असे दोन प्रकार मिळतात. एक्स्ट्रा लोडवर ‘एक्सएल’ लिहिलेलं असतं आणि त्याची भिंत जरा कडक असते. मूळ निर्देशांकाच्या खाली कधीच जाऊ नका, वर गेलात तर चालतं.

वाय हे वेगाचं अक्षर: व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३०० किमी प्रतितास. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आणि घाटात त्याहूनही कमी, मग वाय कशाला, असा प्रश्न दुकानात नेहमी येतो. याचं उत्तर वेगात नाही, उष्णतेत आहे. वरच्या अक्षराचा टायर जास्त तापमान सोसण्यासाठी बांधलेला असतो. मे महिन्यातला तापलेला डांबरी रस्ता, पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी आणि भरपूर टॉर्क, हे सगळं तोच टायर झेलतो. मूळ अक्षरापेक्षा खालचं अक्षर घेऊन वाचवलेले पैसे अपघातानंतर विमा कंपनीच्या प्रश्नांना पुरत नाहीत.

पायरी ३: माप बदलायचं असेल तर जोडी म्हणून हिशोब करा

पहिला पर्याय नेहमी मूळ मापाचाच असावा. पण कधी ते माप बाजारात मिळत नाही, कधी खड्ड्यांमुळे उंच भिंत हवी असते. मग पुढचा आणि मागचा टायर एकत्र मोजायचा. मस्टँगच्या बाबतीत वारंवार सुचवले जाणारे पर्याय तपासू.

मागे २८५/३५ आर१९. सर्वांत जास्त होणारी चूक हीच. रुंदी १० मिमीने वाढते, पण टक्का ३५ झाल्यामुळे व्यास ६८२.१ मिमीवर येतो. मूळ मागच्या टायरपेक्षा २.९ टक्के कमी. एरवी ‘तीन टक्क्यांच्या आत चालतं’ असा ठोकताळा सांगितला जातो आणि त्यात हे बसतंही. पण पुढे २५५/४० तसाच असेल तर आता मागचं चाक पुढच्यापेक्षा लहान झालं. जे चाक २.३ टक्के हळू फिरायला हवं ते ०.७ टक्के जलद फिरतं. यंत्रणेच्या नजरेतून हा तीन टक्के घसरण्याचा भास आहे, आणि ट्रॅक्शन कंट्रोल विनाकारण मध्ये पडू शकतो. शिवाय गाडीचा मागचा भाग १० मिमी खाली बसतो. आपल्याकडच्या गतिरोधकांवर तो १० मिमी जाणवतो.

चारही बाजूंना २५५/४० आर१९. हे माप मागच्या साडेनऊच्या रिमवर नीट बसतं. फोर्डने अमेरिकेत इकोबूस्ट मस्टँगच्या परफॉर्मन्स पॅकेजमध्ये चारही चाकांना हेच माप दिलं होतं. मोठा फायदा असा की टायर पुढे-मागे फिरवता येतात आणि एकच माप शोधायचं असतं. तोटा हा की मागची पकड कमी होते, मागचा भाग ८ मिमी खाली येतो आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा खरा वेग ९७.७ असतो. जीटीच्या टॉर्कसमोर पावसाळ्यात मागचा अरुंद टायर किती शिस्त मागतो, हे नवख्या चालकाने आधी विचारात घ्यावं.

पुढे २६५/४० आणि मागे २८५/४०. पुढचा ६९४.६, मागचा ७१०.६. दोन्ही सव्वा टक्क्याच्या आत वाढले आणि मधला १६ मिमीचा फरक जसाच्या तसा राहिला. गाडी ४ मिमी वर येते, भिंत ४ मिमी उंच होते. आकड्यांच्या दृष्टीने या यादीतली ही सर्वांत नेटकी जोडी. अडचण दोन ठिकाणी: २८५ साठी साडेनऊची रिम अगदी खालच्या टोकाला येते, आणि ही मापं दुकानात सहज सापडत नाहीत. पंक्चर नव्हे, भिंत फाटली तर दुसरा टायर येईपर्यंत गाडी उभी राहील.

पुढे २७५/४० टाकून चारही सारखे करणं मात्र टाळा. पुढचा व्यास १६ मिमीने वाढतो, रिम अरुंद पडते आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासण्याची शक्यता असते. पुढे माप वाढवलंच असेल तर दुकानातून निघण्याआधी दोन्ही बाजूंना पूर्ण स्टीअरिंग फिरवून, आणि पुढचा भाग हाताने दाबून, कुठे स्पर्श होतो का ते बघा.

२० इंची रिमचा मोह अनेकांना पडतो. २५५/३५ आर२० चा व्यास ६८६.५ येतो, म्हणजे हिशोबात तो अचूक आहे. पण भिंत १०२ वरून ८९ मिमीवर उतरते. हे १३ मिमी रबर आणि हवा म्हणजेच रिमचं खड्ड्यापासूनचं संरक्षण. पावसाळ्यात पाण्याखाली खड्डा दिसत नाही, कमी उंचीच्या भिंतीला फुगा येतो किंवा रिम वाकते. महाराष्ट्रात रोज चालवायच्या गाडीला २० इंची रिम आम्ही सुचवणार नाही. उलट १८ इंची रिमवर २५५/४५ आर१८ चा व्यास ६८६.७ येतो आणि भिंत जवळपास ११५ मिमी होते. पण मोठ्या ब्रेक कॅलिपरवरून (चकती आवळून ब्रेक लावणारा भाग) १८ ची रिम जाईलच असं नाही, रिम विकत घेण्याआधी प्रत्यक्ष लावून बघायला हवी.

एक कायद्याची बाजू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करण्यावर बंधनं आहेत. मडगार्डबाहेर डोकावणारे टायर तपासणीत सहज नजरेत येतात.

पायरी ४: कोणत्या जातीचा टायर?

माप ठरल्यावर ब्रँडच्या आधी प्रकार ठरवा. मिशलिन पायलट स्पोर्ट, पिरेली पी झिरो यांसारखे टायर उन्हाळी उच्च कामगिरीच्या गटातले. इथे ‘उन्हाळी’ हे नाव फसवं आहे. पावसात पकड चांगली असते, बर्फात आणि कडक थंडीत नसते. आपल्या हवामानात बाराही महिने हेच योग्य. मात्र शिकागो किंवा म्युनिकला राहणाऱ्या मराठी मालकांनी ७ अंश सेल्सिअसच्या खाली ते वापरू नयेत. रबर कडक होऊन पकड जाते. हिवाळ्यासाठी वेगळा संच लागतो, आणि तो पर्वत व हिमकणाची खूण असलेलाच घ्या.

टायरवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून एक आकडा असतो. जास्त आकडा म्हणजे साधारणपणे जास्त टिकाऊ आणि कमी चिकट रबर. पण हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नका. २०० किंवा त्याखालचे टायर ट्रॅकसाठी ठीक. मुंबईच्या जुलैत त्यांची उथळ नक्षी पाणी फेकू शकत नाही. इथेच रुंदीचा दुसरा तोटा समोर येतो: टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं, आणि तितक्या कमी वेगात तो पाण्यावर तरंगू लागतो.

बीएमडब्ल्यूसाठी खास बनवलेल्या टायरवर चांदणीची खूण असते, पोर्शसाठी ‘एन’ आणि आकडा, ऑडीसाठी ‘एओ’, मर्सिडीजसाठी ‘एमओ’. त्या गाड्यांना शक्यतो त्याच खुणेचे घ्या. ऑडी टीटी क्वाट्रोसारख्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या कूपेत नुसती एक जोडी बदलण्याआधी पुस्तिका वाचा. नवी नक्षी ७ मिमी आणि जुनी ३ मिमी असेल, तर माप तेच असूनही व्यासात ८ मिमीचा फरक पडतो, आणि तो ताण गिअर यंत्रणेवर येतो.

पायरी ५: दोन की चार?

मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या कूपेत मागचे टायर आधी झिजतात. फक्त मागची जोडी बदलायला हरकत नाही, पण त्याच कंपनीचा, त्याच नावाचा टायर मिळत असेल तरच. पुढे एका कंपनीचा मऊ आणि मागे दुसऱ्याचा कडक, अशी भेळ केली की ओल्या वळणावर गाडीचं मागचं टोक आधी सुटतं. ते नाव बंद झालं असेल तर चारही बदला.

एकच टायर कधीच बदलू नका. मर्यादित-घसरण डिफरेन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देता दोन्ही चाकांना ताकद वाटणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मागच्या दोन टायरचा व्यास वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही त्या यंत्रणेच्या आतल्या चकत्या सतत घासत राहतात. याच कारणाने छोटी स्टेपनी मागच्या धुरीवर (अ‍ॅक्सलवर) लांब अंतर चालवू नये.

नक्षीच्या खोबणीत लहान उंचवटे असतात, ते १.६ मिमीची कायदेशीर सीमा दाखवतात. कूपेसाठी तिथपर्यंत थांबू नका. पावसाळ्यापूर्वी ३ मिमी उरलं असेल तर बदला. मोजताना मधली खोबण आणि आतली कड दोन्ही मोजा. आतली कड गुळगुळीत आणि बाहेरची नवी, हे दृश्य अशा गाड्यांत नेहमीचं आहे, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही.

पायरी ६: दुकानात काय तपासायचं

भिंतीवर ‘डीओटी’ने सुरू होणारी ओळ शोधा. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. १८२५ असेल तर २०२५ चा अठरावा आठवडा. हे चार आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे टायर उलटा करून बघायला सांगा. क्वचित खपणाऱ्या मापांचे टायर गोदामात पडून राहतात, म्हणून बसवण्याआधी तारीख बघणं इथे जास्त गरजेचं. एका धुरीवरचे दोन्ही टायर जवळपासच्या तारखांचे हवेत.

भारतात विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. जून २०२० पासून टायर आयातीवर निर्बंध आहेत, त्यामुळे मोठी मापं कधी कधी आडमार्गाने आलेली मिळतात. खूण नसेल आणि पक्कं बिल मिळत नसेल तर स्वस्त भाव विसरा. वॉरंटी कोणीच देणार नाही.

पायरी ७: बसवणी

दुकान निवडताना भाव नंतर विचारा, आधी मशीन बघा. कमी उंचीची भिंत आणि रुंद अलॉय यांना लोखंडी टॉमीने उपटणारं दुकान रिमची कड ओरबाडतं. प्लास्टिकच्या डोक्याचं किंवा टॉमीविरहित मशीन हवं.

हवेचा दाब सांगणारा सेन्सर व्हॉल्व्हच्या मुळाशी, रिमच्या आत असतो. काम सुरू होण्याआधी कारागिराला तसं सांगा, म्हणजे टायर सोडवताना मशीनचा जबडा तिथे लागणार नाही. सेन्सरची बॅटरी बदलता येत नाही. गाडी सात-आठ वर्षांची असेल तर टायरसोबतच नवे सेन्सर टाकणं स्वस्त पडतं, नाहीतर सहा महिन्यांनी त्याच मजुरीसाठी पुन्हा यावं लागतं. फ्रिक्वेन्सी ३१५ की ४३३ मेगाहर्ट्झ, हे जुन्या सेन्सरवरून ताडून घ्या. चुकीचा सेन्सर गाडी ओळखत नाही.

अनेक स्पोर्ट्स टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं. ती बाजू बाहेर दिसलीच पाहिजे. काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. चारही चाकं जमिनीवर आल्यावर स्वतः एक फेरी मारून हे तपासा. पुढची-मागची मापं अदलाबदल होण्याचे प्रकारही घडतात, तेही तेव्हाच बघा.

बॅलन्सिंगची वजनं आतल्या बाजूला चिकटवायला सांगा. नट आधी हाताने फिरवून बसवायचे, मग चांदणीच्या क्रमाने समोरासमोर आवळायचे, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने द्यायचा. मस्टँगसाठी तो २०४ न्यूटन-मीटर आहे. हवेच्या गनने धडाधड आवळलेले नट असमान बसतात. त्यातून ब्रेक दाबताना थरथर येते, किंवा रस्त्यात पंक्चर झाल्यावर नट सुटतच नाही.

त्यानंतर अलाइनमेंट. नुसता टो (वरून बघताना चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) सरळ करून ‘झालं’ म्हणणाऱ्या ठिकाणी थांबू नका. चारही चाकांचा कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) आणि टो, आधीचा आणि नंतरचा, छापील कागदावर मागा. आतली कड झिजवणारं कारण बहुतेक वेळा टो असतं, कॅम्बर त्याला हातभार लावतो.

बसवल्यानंतरचे पहिले दिवस

हवा स्टिकरवर दिली आहे तेवढीच, टायर थंड असताना. म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो, त्यामुळे भर दुपारी पेट्रोल पंपावर मोजून हवा सोडली तर सकाळी टायर कमी भरतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा हा कमाल दाब असतो, भरायचा दाब नव्हे.

नव्या रबरावर कारखान्यातल्या साच्याचा तेलकट थर असतो. पहिले ३०० किमी जोरात वेग घेणं आणि जोरात वळवणं टाळा, विशेषतः ओल्या रस्त्यावर.

पंक्चर झालंच तर दुरुस्ती फक्त नक्षीच्या मधल्या पट्ट्यात, ६ मिमीपर्यंतच्या छिद्राची, आणि टायर उतरवून आतून लावलेल्या मशरूम पॅचने. बाहेरून खुपसलेली रबरी वात घरी पोचण्यापुरती. भिंतीतलं छिद्र दुरुस्त होत नाही, फुगा आलेला टायर तर त्याच दिवशी उतरवावा.

१६० किमीच्या आत नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्या. आणि २,००० किमी झाल्यावर नक्षी मोजण्याच्या छोट्या गेजने आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागा मोजून तारखेसह लिहून ठेवा. आतल्या कडेला अर्धा मिमी जास्त झीज दिसली तर अलाइनमेंटचा तो छापील कागद घेऊन पुन्हा दुकानात जा.